‘पुढें चालू’

पावसाळा लागला म्हणजे श्रीक्षेत्र नृसिंहवाडीस दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पाण्याची आणि दुसरी पोथीची. कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमाचें पाणी घाटाची एकेक पायरी चढत श्रींच्या पादुकांपर्यंत येतें, उत्तरेकडून मंदिरांत शिरून दक्षिणेकडील द्वारानें बाहेर पडतें, आणि ‘दक्षिणद्वार’ झाल्याची वार्ता कानीं येतांच आसपासच्या गांवांतून लोक स्नानासाठीं लोटतात. पाणी याहून चढलें तर उत्सवमूर्ति उंचावरील स्थानीं नेतात. याच दिवसांत आषाढी एकादशीपासून चातुर्मास सुरू होतो, आणि घरोघरीं तांबड्या फडक्यांत बांधून ठेवलेली पोथी सोडून चौरंगावर मांडतात. नदी आपल्या वेळीं चढते व आपल्या वेळीं उतरते. पोथी आपल्या तिथीस उघडते व आपल्या तिथीस मिटते. वाचनालाहि ऋतु असतो, ही गोष्ट वाडीच्या माणसास निराळी शिकवावी लागत नाहीं.

हें आज सांगण्याचें कारण असें कीं, गेल्या कांहीं वर्षांत मोबाइलवर पुस्तक भागाभागांनीं वाचण्याची चाल आपल्या घरांत शिरली आहे. कोणी रोज सकाळीं दासबोधाचा एक समास वाचतो. कोणाला दर गुरुवारीं कादंबरीचें एक प्रकरण येतें. कोणी सूनबाई स्वयंपाकघर आवरतां आवरतां कथेचा एक भाग ऐकतात. वडीलधाऱ्या मंडळींस हें रुचत नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, चिमूटचिमूट वाचून ग्रंथ हातीं लागत नाहीं. वाचावें तर बैठक मारून, आद्यंत वाचावें. तरुण मंडळी म्हणतात, बैठक मारण्यास सवड आहे कोणाला? या वादांत दोन्ही पक्ष एक गोष्ट विसरतात. थोडें थोडें आणि ऋतूस धरून वाचणें हीच आपल्या घरांतील सर्वांत जुनी वाचनपद्धति आहे. नवें जें आलें आहे तें निराळेंच, आणि त्याकडे आमच्या वाचकांचें लक्ष जावें एवढ्यासाठीं हा लेखप्रपंच.

गुरुचरित्राचेंच उदाहरण घ्या. सरस्वती गंगाधरांचा हा ग्रंथ सामान्यतः कोणी एका बैठकींत वाचीत नाहीं. मार्गशीर्षांत दत्तजयंतीस समाप्ति येईल अशा बेतानें सप्ताह धरतात, आणि त्याची प्रचलित वाटणी अशी आहे: पहिल्या दिवशीं १ ते ९ अध्याय, दुसऱ्या दिवशीं १० ते २१, तिसऱ्या दिवशीं २२ ते २९, चौथ्या दिवशीं ३० ते ३५, पांचव्या दिवशीं ३६ ते ३८, सहाव्या दिवशीं ३९ ते ४३ आणि सातव्या दिवशीं ४४ पासून अखेरपर्यंत. दुसऱ्या दिवशीं १२ अध्याय आणि पांचव्या दिवशीं अवघे ३, हें पाहून नवख्यास नवल वाटतें. परंतु छत्तिसावा अध्याय केवढा आहे हें ज्यानें एकदां अनुभवलें, त्यास वाटणी करणाराचें शहाणपण कळून येतें. भाग पाडावयाचे ते संख्या मोजून नव्हेत, तर वाचणाराचा घसा आणि ऐकणाराचें अवधान पाहून. शिवाय ग्रंथाची रचनाच अशी आहे कीं, सिद्ध सांगतो आणि नामधारक विचारतो. एक कथा पुरी होते न होते तोंच नामधारकाची पुढली पृच्छा उभी राहते. दिवसाचें वाचन संपवून उठणारा श्रोता ती पृच्छा मनांत घेऊनच उठतो. आजच्या कथामालिकांचे कर्ते ज्या युक्तीवर आपली उपजीविका चालवितात ती युक्ति आपल्या देवघरांत कित्येक शतकें नांदत आहे.

दुसरें उदाहरण श्रावणांतील कहाण्यांचें. आदित्यराणूबाईची कहाणी रविवारीं, खुलभर दुधाची सोमवारीं, जिवतीची शुक्रवारीं. जी ज्या वाराची ती त्याच वारीं सांगावयाची. लांबी एवढीच कीं, चुलीवरचें दूध उतूं जाण्याचें भय नाहीं. साठ उत्तरांची गोष्ट पांच उत्तरांत आटोपावी हा तर तिचा बाणाच. पोथी बहुधा पुरुषानें वाचावयाची आणि बायकांनीं ऐकावयाची अशी जुनी वहिवाट होती. गुरुचरित्र स्त्रियांनीं वाचावें कीं नुसतें श्रवण करावें याविषयीं तर अजूनहि मतभेद आहेत. कहाणी मात्र बायकांची. हातांत तांदुळाचे दाणे घेऊन एकीनें सांगावी, बाकीच्यांनीं ऐकावी. ज्या सासुरवाशिणीस एरव्हीं चार माणसांत मोठ्यानें बोलण्याचा प्रसंग क्वचित् येई, तिचाहि आवाज श्रावणांत घरानें ऐकला. लहान वाचनाला घरांत मोठें काम करतां येतें तें असें.

छापखाना आल्यावर हीच रीत नियतकालिकांनीं उचलली. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी १८६७ पासून ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकांतून क्रमशः येत गेली आणि १८७१ सालीं पुस्तकरूप झाली. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें व त्यांतून ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ ही कादंबरी भागशः दिली. पुढें १८९५ पासून ‘उषःकाल’हि त्याच मार्गानें वाचकांकडे गेली. यांपैकीं पहिल्या कादंबरीचा विषय ध्यानांत घ्या. यमू आपली कहाणी आपणच सांगते आहे अशी तिची मांडणी आहे, आणि त्या कहाणींत बालविवाह आहे, सासुरवास आहे, वैधव्य आहे, केशवपन आहे. ज्या घरांत हीं दुःखें प्रत्यक्ष नांदत होतीं त्याच घरांच्या दारीं ती जावयाची होती. तेवढा मोठा ग्रंथ एकदम पुढें आला असता तर कित्येक यजमानांनीं विषय पाहूनच तो परत केला असता. परंतु ‘करमणूक’ या निरुपद्रवी नांवाखालीं चार पानें आलीं, पुढच्या अंकांत आणखी चार आलीं, आणि अशी ती मुलगी घरांतील माणसांच्या ओळखीची झाली. ओळखीच्या माणसास एकाएकीं बाहेर घालवितां येत नाहीं. भागशः वाचनाचें सामर्थ्य याहून चांगलें कोठें दिसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

ऋतूचाहि लाभ नियतकालिकांनीं घेतला. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला; तेव्हांपासून फराळाच्या ताटाशेजारीं अंक असणें हें मराठी घराचें लक्षण होऊन बसलें.

ही रीत केवळ आपलीच आहे असेंहि नाहीं. चार्ल्स डिकन्स यांची ‘पिकविक पेपर्स’ १८३६ व १८३७ सालीं इंग्लंडांत मासिक भागांनींच निघाली. आणि हल्लींच्या काळांत तर या जुन्या रीतीचें एक गमतीचें पुनरुज्जीवन अमेरिकेंत झालें. ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही १८९७ सालची भयकथा रोजनिशा, पत्रें, तारा आणि वर्तमानपत्रांतील कात्रणें यांनींच बनली आहे, व त्यांवर तारखा आहेत. कथा ३ मे रोजीं सुरू होते आणि नोव्हेंबरच्या आरंभीं संपते. मॅट कर्कलंड नांवाच्या गृहस्थांनीं २०२१ सालीं असा उपक्रम मांडला कीं, ज्या तारखेचा मजकूर असेल तो त्याच तारखेस ई-पत्रानें वाचकांस पाठवावयाचा. पुढच्याच वर्षीं त्यास जगभर मोठा वाचकवर्ग लाभला. ज्या दिवशीं कथेंत नोंद नाहीं त्या दिवशीं कांहींच येत नाहीं. दुर्गांत अडकलेल्या तरुणाचें पत्र चार दिवस आलें नाहीं म्हणजे वाचक चिंता करूं लागतात कीं, त्याचें बरें आहे ना? सव्वाशें वर्षांपूर्वींच्या पुस्तकांतील माणसाविषयीं अशी काळजी केवळ वाट पाहिल्यानें उत्पन्न होते. तेंच पुस्तक दोन रात्रींत वाचून काढणारास ती ठाऊकहि नसते.

आपल्याकडेहि या नव्या साधनांची वाण नाहीं. १९९६ सालीं सुरू झालेल्या ‘मायबोली’वर देशोदेशींचे मराठी लेखक कथेचा एकेक भाग लिहून खालीं ‘क्रमशः’ असा शब्द घालीत आले आहेत. २०१४ पासून चाललेल्या ‘प्रतिलिपी’वर मराठी कथामालिकांस मोठा वाव आहे. ‘क्रमशः’ हा शब्द मासिकांच्या पानांवरून उचलून पडद्यावर गेला, एवढाच काय तो फरक, असें वरवर पाहतां वाटेल.

परंतु फरक याहून मोठा आहे, आणि तो दोन ठिकाणीं आहे. पहिला थांबण्यांत. ‘करमणुकी’चा पुढचा अंक येईपर्यंत वाचकास थांबावेंच लागे, सप्ताहांत उद्यांचा अध्याय आज वाचणें नेमाविरुद्ध होतें. त्या थांबण्यांत वाचलेलें मुरत असे; विहिरीवर, पडवींत, जेवणाच्या पंक्तींत त्याविषयीं चर्चा होई. मोबाइल मात्र थांबूं देत नाहीं. एक भाग संपला कीं दुसरा आपोआप सुरू होतो. तो संपला कीं तिसऱ्याच कथेचें आमंत्रण. कांहीं ठिकाणीं तर ऐन उत्कंठेच्या जागीं दार लावून पैसे मागतात, आणि भागांच्या संख्येवर प्राप्ति असल्यामुळें लिहिणारेहि कथा रबरासारखी ताणतात. पोथीची उत्कंठा ऐकणारास विचार करावयास लावी. ही उत्कंठा त्यास केवळ बोट हलवावयास लावते.

दुसरा फरक ऐकण्यांत. एखाद्या घराचें चित्र डोळ्यांपुढें आणा. नदीकांठचें जुनें घर. आजोबांनीं चाळीस वर्षें पोथी वाचली. आतां मोतीबिंदूनें अक्षर दिसत नाहीं. मुलगा पुण्यास, नात बंगळूरास, पुतण्या सिंगापुरास. पोथीच्या फडक्याची गांठ चार चातुर्मास सुटलेली नाहीं. असें असून वाचन बंद पडलें आहे असें मात्र नाहीं. नात कचेरीस जातांना रोज कथा ऐकते. पुतण्या चरित्रें वाचतो. सूनबाईंची एक मालिका चालू आहे. आजीसुद्धां कानाशीं यंत्र धरून कीर्तन ऐकतात. पण कोण काय वाचतो हें दुसऱ्यास ठाऊक नाहीं. गणपतींत सारीं एकत्र जमलीं म्हणजे बोलण्यास विषय उरतात ते प्रकृति, जागांचे भाव आणि राजकारण. घरांत वाचन आहे, पण घराचें असें वाचन उरलेलें नाहीं. एकत्र कुटुंबाची चूल वेगळी झाल्याचें दुःख आपण पुष्कळ करतों. कान वेगळे झाले याची खंत क्वचितच कोणी करतो.

आमचें सांगणें असें कीं, ज्या यंत्रानें कान वेगळे केले त्याच यंत्रानें ते एकत्रहि आणतां येतील. मात्र त्यास जुना नेम लावला पाहिजे. तो नेम चार गोष्टींचा आहे. वेळ ठरलेली असावी. माप ठरलेलें असावें, व तें घरांतील सर्वांत थकलेल्या माणसास झेपेल एवढेंच असावें. वाचन मोठ्यानें व्हावें. आणि माप पुरें झालें कीं थांबावें, पुढचा भाग समोर दिसत असला तरी.

वरील घरांत हें असें करतां येईल. रात्रीं साडेआठ वाजतां नातीनें बंगळूराहून दूरध्वनीवर एक समास वाचावा. आजोबांनीं वाडींत, पुतण्यानें सिंगापुरांत तो ऐकावा. तेथें तेव्हां अकरा वाजून गेलेले असतात; त्यास जागणें जमलें नाहीं तर वाचन मुद्रित करून ठेवावें म्हणजे तो सकाळीं ऐकेल. नातीचे उच्चार प्रथम अडखळतील. ओवी कोठें तोडावी हें तिला कळणार नाहीं. येथेंच आजोबांचें काम सुरू होतें. ज्यांना अक्षर दिसत नाहीं त्यांना ओव्या पाठ आहेत. चूक झाली कीं ते टोकतील, अर्थ विचारला कीं सांगतील. डोळे गेले म्हणून ज्यांनीं पोथी मिटली ते पुन्हा घराचे वाचक होतील. आणि या निमित्तानें त्यांच्याच आवाजांत दोन अध्याय मुद्रित करून ठेवले, तर पुढेंमागें त्या घरास ती केवढी ठेव होईल हें सांगण्याची गरज नाहीं. छायाचित्रें घरोघरीं आहेत. वडिलांचा वाचनाचा आवाज किती घरांत जपून ठेवलेला आहे?

कोणी म्हणतील, पोथी ही उपासना आहे. तिची सांगड कथा-कादंबऱ्यांशीं कशास घालतां? उपासनेचे सोवळे-ओवळ्याचे नियम ज्याचे त्यानें पाळावेत. त्यांत आम्ही ढवळाढवळ करीत नाहीं. आम्हांस पोथीपासून घ्यावयाची आहे ती एक ठरीव वेळ आणि दहा माणसांचें एक चित्त. तीं दोन्हीं यमूच्या कहाणीसहि उपयोगी पडतात.

ग्रंथ मिळविण्याची अडचण आतां फारशी राहिलेली नाहीं. आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षें लोटलीं म्हणजे त्याचें लेखन सर्वांस मुक्त होतें. त्यामुळें १९१९ सालीं निवर्तलेले हरिभाऊ आपटे आणि १९५० सालीं गेलेले साने गुरुजी या दोघांचेंहि लेखन आज मुक्त आहे. मराठी विकिस्रोतावर असे जुने ग्रंथ टंकून ठेवण्याचें काम स्वयंसेवक करीत असतात. नदीकांठच्या लोकांस याचें मोल निराळें सांगावयास नको. २००५, २०१९ आणि २०२१ या सालांच्या महापुरांनीं शिरोळ तालुक्यांतील गांवेंच्या गांवें वेढलीं. धान्य, गुरें, भांडीं यांची मोजदाद सरकारदरबारीं होते. माळ्यावर चढवितां चढवितां राहून गेलेल्या पोथ्यांची व बांधीव मासिकांची होत नाहीं. २०१९ सालीं सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयांतील ग्रंथसंग्रहाचेंहि पुरानें अतोनात नुकसान झालें. ज्यांच्या घरीं जुनीं, इतरत्र न मिळणारीं पुस्तकें आहेत त्यांनीं उन्हाळ्यांतच त्यांचीं पानें टिपून ठेवावीं, पाणी पायरीशीं येण्याची वाट पाहूं नये.

आतां वर्षाची एक आंखणी सुचवितों. प्रत्येक घरानें आपल्या सोयीप्रमाणें तींत फेरफार करावा.

चैत्रापासून दर महिन्यास दुर्गाबाई भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ या १९५६ सालच्या पुस्तकांतील त्या त्या महिन्याचा लेख वाचावा. बारा महिन्यांचे बारा लेख; वाचून झाल्यावर मुलांना अंगणांत नेऊन त्यांतील कोणतें झाड आपल्या गांवांत आहे तें दाखवावें. हें पुस्तक अजून मुक्त नाहीं, तें विकत घ्यावें.

उन्हाळ्याच्या सुटींत ‘श्यामची आई’. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेलें व १९३५ सालीं प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक मुळांतच रात्रींच्या हिशेबानें रचलेलें आहे. त्यांत ४२ रात्री आहेत. १ मेच्या रात्रीं पहिली रात्र वाचली, तर बेचाळिसावी ११ जूनला येते. आणि ११ जून हा गुरुजींच्या पुण्यतिथीचा दिवस आहे. शाळा उघडण्याच्या सुमारास पुस्तक संपतें.

आषाढांत मेघदूताचें एखादें मराठी भाषांतर, रोज दोन-चार श्लोक. श्रावणांत त्या त्या वारची कहाणी, आणि ती घरांतील सर्वांत धाकट्या सुनेनें किंवा मुलीनें सांगावी. श्रावण शुद्ध प्रतिपदेसच दासबोधास आरंभ करावा. २० दशकांचे २०० समास. रोज एक याप्रमाणें वाचतां, मध्यें अधिक मास न आल्यास, माघ वद्य नवमीच्या, म्हणजे दासनवमीच्या, सुमारास ग्रंथाची समाप्ति होते. दिवाळी अंकांचा चार दिवसांत फडशा न पाडतां त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज एक कथा पुरवून वाचावी. मार्गशीर्षांत ज्यांच्या घरीं गुरुचरित्राचा सप्ताह असेल त्यांनीं तो वर सांगितलेल्या वाटणीनें करावा, आणि बाहेरगांवच्या मुलांस निदान एका दिवसाचें श्रवण घडेल असें पाहावें.

यांतील एक जरी नेम एका घरांत एक वर्ष चालला तरी पुढल्या गणपतींत त्या घरच्या पंक्तीस बोलण्याचा विषय शोधावा लागणार नाहीं. चालू महिन्यांत कोणता नेम धरावयाचा तें आज रात्रींच ठरवावें, वाचणाराचें नांव नक्की करावें, आणि पहिल्या दिवशींचें माप अगदीं लहान ठेवावें. दुसऱ्या दिवशीं कोणीतरी ‘आज किती वाजतां?’ असें आपण होऊन विचारील.